मास्तरांचं माप

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणं करण्यात माझी वीस वर्षं गेली, पण इतका आखडू माणूस मी दुसरा पाहिला नाही. मापाला उभ्या गिऱ्हाईकाने पोट आत ओढलं की म्हणायचे, "सोडा ते. पँट तुमच्या पोटाची शिवायची आहे, मनातल्या पोटाची नाही." एक मात्र मानावं लागेल. आकडे ते मोठ्याने सांगत आणि मी वहीत लिहीत असे. पण कुणाचा पाय आखूड, कुणाला कुबड, असं काही हाताला लागलं की तोंडातून शब्द काढत नसत. टेपवर दोनदा बोट टेकवत, मी त्या मापापुढे फुली मारायचे. चारचौघांत कुणाचं व्यंग निघालं असं त्या दुकानात कधी झालं नाही.

त्याच मास्तरांच्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण शौचाची वाट पोटाच्या डाव्या बाजूला काढली आणि तिथे कायमची पिशवी आली. दोन महिने झाले तरी मास्तर दुकानाकडे फिरकेनात. शेवटी मीच घरी गेले.

वहिनी दारातच म्हणाल्या, "दिवसातून तीनदा गळते गं. कातडी लालभडक झालीय. दुकान कायमचं बंद करतो म्हणतात."

आत मास्तर पलंगावर बसून नव्या पिशवीच्या चिकट चकतीला भोक कापत होते. कात्री पूर्वीसारखीच चालत होती.

"पोटावरच्या वाटेचं माप किती?" मी विचारलं.

"सव्वा इंच."

"आणि कापताय?"

"पावणेदोन. काचायला नको. जरा ढिलाई नको का?"

"नर्सबाई काय म्हणाल्या होत्या?"

"म्हणे, अगदी मापाचं कापा. तिला काय कळतंय कटिंगमधलं!"

मी कपाळाला हात लावला. ज्या ढिलाईने चाळीस वर्षं लोकांची अंगं सांभाळली, तीच ह्यांना नडत होती. म्हटलं, "मास्तर, ही पँट नाही. जेवढी कातडी उघडी, तेवढी घाण तिच्यावर बसणार." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, नोकरी गेली. पण मुकाट्याने दुसरी चकती घेतली आणि जेमतेम एक सूत सोडून कापली.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, एकदाही गळली नाही.

आठवड्याने मास्तर दुकानात आले, अंगात ढगळ सदरा. पट्टा नेमका पिशवीवर बसत होता, म्हणून पँट हाताने धरलेली. बाकावर दोन गिऱ्हाईकं होती; त्यांच्यापासून लांब, मशीनच्या आड उभे राहिले. हे उद्या काही येत नाहीत, असं मला वाटलं.

"मास्तर, आज तुमचंच माप घेते," मी म्हणाले.

आजवर त्यांनी कुणाला स्वतःच्या अंगाला टेप लावू दिली नव्हती. वही स्वतःच्या हातात घेऊन ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी आकडे सांगत गेले, ते लिहीत गेले. कमरेशी आले आणि पिशवी हाताला लागली. मी टेपवर दोनदा बोट टेकवलं.

पेन्सिल थांबली. मास्तर वळले, थेट बाकाकडे तोंड करून.

"फुली कशाला?" ते मोठ्याने म्हणाले. "डावीकडे पिशवी आहे. कंबर दोन इंच वर घे. आणि इथे ढिलाई सोड बरं का, ही पँटच आहे."