मेन बंद

त्या उन्हाळ्यात बाबांचं घर रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास माझ्या फोनवरून नाहीसं व्हायचं. हॉलमधला कॅमेरा, फाटकावरची घंटी, दोन दिवे, गीझरचा प्लग आणि स्वयंपाकघरातला गॅसचा सेन्सर, या सहाही वस्तू अ‍ॅपमध्ये एकदम करड्या पडायच्या आणि खाली लिहून यायचं, ऑफलाइन. आठ वाजता त्या आपोआप परत हिरव्या व्हायच्या.

बाबा सुदामा नगरात एकटे राहायचे. आई गेल्यावर माझ्याकडे चला म्हणून मी विनवलं, भांडले, शेवटी हात टेकले. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, ट्रॅफिक लागलं तर पाऊण तास. त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि दोनदा गॅसवर दूध ठेवून ते विसरले होते. त्यांना काही झालं तर मला ताबडतोब कळावं, एवढ्याचसाठी मी ही यंत्रं बसवली होती. त्यामुळे ती करडी पडली की मी लगेच फोन करायचे. बाबा रस्त्यावरून बोलायचे, सगळं ठीक आहे, फिरायला निघालोय.

मला वाटायचं वायफायच खराब आहे. ऑफिसमध्ये कोणाचाही कॉम्प्युटर अडला की मला बोलावतात, तेव्हा या बाबतीत मला थोडा माज आहे, हे कबूल करते. मी राउटर लोखंडी कपाटावरून काढून हॉलमध्ये आणला. त्याचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन वेगळे सिग्नल केले, कारण असल्या वस्तूंना २.४च लागतो. नेटवर्कचं नाव बदललं, पासवर्ड बदलला, मग प्रत्येक वस्तूचं बटण दिवा फडफडेपर्यंत दाबून धरून तिला नव्याने जोडलं. एक अख्खा रविवार त्यात गेला. सोमवारी सकाळी साडेसहाला सगळं पुन्हा करडं. मग मी इंटरनेटवाल्यांना फोनवर झाडलं. त्यांचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा अकरा वाजता, आणि अकरा वाजता सगळं अगदी व्यवस्थित चालू असायचं.

तिसऱ्यांदा त्याने राउटरमधली नोंद उघडून पाहिली आणि म्हणाला, "मॅडमजी, सिग्नल नहीं जा रहा, लाइट ही जा रही है. घर में कोई बंद करता है क्या?"

बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही. "मीच करतो. घरातून निघताना मेन बंद, चाळीस साल हेच केलंय. तू विचारलंस कुठे? तू तर राउटरलाच डांटत बसली होतीस."

साप साप म्हणून मी महिनाभर भुई धोपटत होते. बाबांची सगळी नोकरी वीज खात्यात गेली. माणसं बाहेर गेलेली असताना शॉर्ट सर्किटने जळालेली घरं त्यांनी पाहिली होती, आणि त्यांच्या बरोबरीचे सगळेच बाहेर पडताना इन्व्हर्टर, फ्रिज काही न बघता मेन स्विच खाली ओढायचे. इंटरनेटवाला म्हणाला, राउटरला आणि कॅमेऱ्याला छोटी बॅटरी लावून देतो, मेन बंद असला तरी चालू राहतील. मी आधी हो म्हटलं. मग विचार केला आणि नको म्हणून सांगितलं.

कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की हीच तर खरी खबर आहे. करडं झालं म्हणजे बाबा बाहेर पडले, हिरवं झालं म्हणजे सुखरूप घरी आले. बॅटरी लावली तर हे कळणार कसं? गल्लीतही सगळ्यांनी हेच गणित धरलं होतं. भांडीवाली बाई फाटकावरची घंटी दाबायची, वाजली नाही की भाऊसाहेब, म्हणजे बाबा, घरी नाहीत असं समजून पुढच्या घरी जायची. मला ही सोय इतकी अंगवळणी पडली की मी फोन करणं सोडून दिलं. सकाळी डबे भरताना फोन उगाच थरथरायचा, म्हणून त्या सूचनाही मी बंद केल्या. आठनंतर एकदा अ‍ॅप उघडायचं, हिरवं दिसलं की दिवस सुरू करायचा. आज याचा विचार आला की मला माझाच संताप येतो.

मे महिना होता. बाबा आदल्या दिवशी म्हणाले होते की खात्यातल्या एका जुन्या मित्राबरोबर त्याच्या गाडीतून मानपुरला जायचंय, बहुतेक उद्याच. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी पाहिलं, सगळं करडं. म्हटलं, गेले वाटतं. अकराला पाहिलं, तेच. मी ऑफिसमध्ये कौतुकाने सांगितलंसुद्धा की या वयात आमचे बाबा उन्हातान्हात भटकतायत. दोन वाजता फोन केला, तो वाजून वाजून थांबला. जेवत असतील. चारला पुन्हा केला, तेव्हाही तसंच. तेव्हा कुठे मला काहीतरी टोचलं आणि मी त्यांच्या मित्राला फोन लावला.

ते म्हणाले, "अगं, मानपुर तर उद्या आहे."

मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. फाटकाशी मी सवयीने घंटी दाबली, ती वाजली नाही. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तर ते वीतभरच सरकलं आणि कशाला तरी अडलं. आत अंधार होता आणि कोंडलेली गरम हवा. दार बाबांच्या पायाला अडलं होतं. सकाळी मेन खाली ओढून चप्पल घालायला वळताना त्यांचा तोल गेला होता आणि खुबा मोडला होता. फोन त्यांच्या डोक्यावरच्या खिडकीत होता, हाताला लागेल त्याच्या थोडा वर. पंखा नाही, पाणी नाही, असे ते दहा तास पडून होते. भांडीवाली दहाला येऊन, घंटी दाबून, निघून गेली होती. त्यांनी हाक मारली होती, पण ती फाटकापर्यंत पोचली नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते नीट बोलू लागले. भीती वाटली का, असं मी विचारलं.

"आधी नाही वाटली," ते म्हणाले. "मला माहीत होतं ना, मेन बंद झाला की तुला खबर जाते. आठनंतरही तसाच राहिला की तू फोन करशील. फोन नाही उचलला की तू येशील. म्हणून वाट बघत पडलो."

आता ते माझ्याकडे राहतात आणि वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तीच गोष्ट सांगतात. "यंत्राचा भरवसा नाही, भिया. त्या दिवशी वायफायने हिला खबरच दिली नाही. नाहीतर ही तासाभरात आली असती."

वायफायने खबर दिली होती. सहा वाजून अडतीस मिनिटांनी, सहाही वस्तूंची, ती अजून अ‍ॅपच्या यादीत आहे. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. ते वायफायला नावं ठेवू लागले की मी पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत जाते.