पायाला झेपेल असा मुलामा

कारखान्यात तिला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. पाठीमागे बोलणाऱ्याची ती खैर ठेवत नसे. अधू पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्यांवर निकेलचा मुलामा चढवणं हे तिचं काम. तिच्या टाकीतून निघालेल्या पट्टीत खुशाल तोंड पाहावं! चकाकीचं रसायन ती सढळ हातानं ओतायची. मुलामा असा टणक, की त्यावरून कानस घसरायची.

धाकट्या बहिणीच्या कॅलिपरलाही पट्ट्या अर्थातच ताईच्या हातच्या. एका दुपारी धाकटी लंगडत थेट टाकीपाशी आली आणि पायावरचं कापड वर सरकवलं. पोटरीभर ओरखडे. मुलाम्याचे पापुद्रे सुटले होते, कडा पात्यासारख्या लागत होत्या.

"ताई, तुझा आरसा चावतो गं मला."

"धडपडली असशील कुठेतरी. माझ्या कामाला नावं ठेवू नकोस!"

"बरं बाई. उद्यापासून कुबड्या घेते."

हे मात्र ठिणगीला झोंबलं. तिनं पातळ पत्र्याची पट्टी घेतली, एका बाजूला लाख फासली आणि टाकीत सोडली. मुलामा उघड्या बाजूलाच चढला. बाहेर काढली तर पट्टी त्याच बाजूला धनुष्यासारखी वाकलेली. चकाकीच्या जादा रसायनानं मुलामा आतल्या आत आकसत होता, पत्र्याला ओढत होता. टणक होता, पण अंगात एवढा ताण घेऊन बसलेला, की चालताना पट्टी जराशी लवली तरी तडकणारच.

"माझंच चुकलं," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की पॉलिशवाल्यांनी मशीन थांबवलं. "बघता काय? टाकी गाळायचीय, हात लावा!"

मालक धावत आला. "अगं, दुकानदार चकाकी बघून माल उचलतात!"

"दुकानदार पायाला बांधतात का?"

जुनं रसायन शोषून घ्यायला कोळशाची भुकटी टाकून टाकी गाळली, नवं रसायन नावापुरतंच घातलं. पुन्हा पातळ पट्टी सोडली. या खेपेला ती जवळपास सरळ निघाली, तेव्हा कुठे ठिणगीनं बहिणीच्या नव्या पट्ट्या आत सोडल्या. धाकटीनं त्या बांधून कारखानाभर फेरी मारली.

"ताई, जुन्या पातेल्यासारख्या दिसतायत गं."

"दिसू देत. टोचतायत का?"

"नाही." आणि तिनं आणखी एक फेरी मारली, उगाचच.

ठिणगीनं मांडणीवरच्या साऱ्या चकचकीत पट्ट्या खाली ओढल्या. "गेलेला मालही परत मागवा," ती मालकाला म्हणाली. "तोही कुणाच्या तरी पायात आहे."