आईचा पेट्रोल पंप

निवृत्त झाल्यावर आई गाडी चालवायला शिकली. पेट्रोल मात्र ती जिंतूरच्या एकाच पंपावर भरायची. म्हणायची, "इथल्या पेट्रोलनं गाडी लय हलकी पळती."

"आई, इंजिनाला पंप कळत नसतो," मी म्हणायचे.

शेवटी एकदा परभणीहून येताना आम्ही वाटेत दुसऱ्याच कंपनीच्या पंपावर टाकी भरली. गाडी तशीच पळाली. आईनं ते हसत मान्यही केलं.

तरी पुढच्या खेपेला ती जुन्याच पंपावर वळली. पेट्रोल भरणारी तरुणी धावतच आली. "बाई, लय दिवसांनी आलात!" ती आईची शाळेतली विद्यार्थिनी होती. आई तिच्या लेकीच्या अभ्यासाची चौकशी करत राहिली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी दोघींचं बोलणं संपेना. मी पुन्हा कधी तो वाद घातला नाही.