चिखल कोनं केला?

मराठी कादंबऱ्यांतल्या पोरींचे पाय भारीच घसरायचे. नायक शिकलेला, बोलण्यात गोड. पोरगी भोळी. मधे एखादं वादळ नाहीतर रिकामा बंगला. पुढच्या प्रकरणात 'तिचा पाय घसरला', आणि शेवटच्या पानावर विहीर, नदी नाहीतर विषाची बाटली. तो मात्र शेवटपर्यंत दोन्ही पायांवर ठणठणीत उभा. मला तेव्हाही राग यायचा, आता तर जास्तच येतो.

हे वाचन मी काही हौसेनं सुरू केलं नव्हतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. उत्तर नागपुरात दीक्षा घेतलेल्या घरांची आमची वस्ती. दुपारी आमच्या अंगणात कडुनिंबाखाली पाच-सहा बाया मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत बसायच्या. माझी शाळा सकाळची, मी नववीत. मायनं सरळ अट घातली होती, "एक तं बिड्या वळ, नाही तं बायायले वाचून दाखव. रिकामी बसाचं नाही." तेंदूपत्त्यानं बोटं काळी करून घेण्यापेक्षा वाचलेलं बरं, म्हणून मी वस्तीतल्या वाचनालयातून कादंबऱ्या आणू लागले.

पहिल्याच कादंबरीत ते वाक्य आलं. मोठी आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, हात थांबवून म्हणाली, "पाय घसरला म्हंजे? तथी चिखल होता का वं?"

"नाही आत्या, तसं नाही."

"मंग कोरड्या जागी कसा घसरला?"

बाया इतक्या हसल्या की सुपातली तंबाखू सांडली. शेवटी मायनंच सांगितलं, "अवं बाई, पोटुशी राहिली थे. पोरीले काय इचारता असं?"

"मंग तसं म्हन न! अन् थो कुठं गेला?"

"परगावी गेला," मी म्हटलं.

"त्याचा नाही घसरला पाय?"

"नाही."

"वा रे वा!" आत्या म्हणाली आणि पुन्हा पान कापायला लागली. तेव्हापासून प्रत्येक कादंबरी अर्ध्यावर आली की ती विचारायचीच, "आला का वं चिखल?"

त्या बायांत आमच्या समोरच्या घरातली ताई होती. नात्याची नव्हे, पण माझी ताईच. एकोणीस-वीस वर्षांची, घरात ती आणि तिची आई एवढ्याच. दुसरीतून शाळा सुटलेली, त्यामुळे जोडाक्षर आलं की अडायची. बिड्या मात्र इतक्या झपाट्यानं वळायची की माय मला म्हणायची, शीक काही तिच्याकडून.

वाचनालयात बसायचा तो कॉलेजात जाणारा एक पोरगा. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं एकदम पुस्तकी. एकदा पुस्तक देताना तो म्हणाला, "हे आधी तुझ्या ताईच्या हातात दे." आत चिठ्ठी होती. ताईनं मला घरामागं नेलं आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "वाच. हळू वाच."

मी वाचली. हळू कसली, चांगला नाटकातल्यासारखा आवाज लावून वाचली. चौदा वर्षांची होते, मला काय तोरा! अशा चिठ्ठ्या सात-आठ महिने येत राहिल्या. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं: 'तू नसलीस की चांदणंही अंगाला पोळतं, आणि तू दिसलीस की भर दुपारचं ऊनही दुधासारखं वाटतं.' ताई ते दोनदा-तीनदा वाचायला लावायची. प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी एकच, नोकरी लागली की लग्न करू. त्या भरवशावर ताई त्याला चोरून भेटूही लागली. लिहायचा तो, पण ताईच्या कानात शिरला तो माझा आवाज. हे मला अजून टोचतं, आणि टोचावंच.

नोकरी लागली, कळमेश्वरला. तो गेला आणि चिठ्ठ्या बंद. दीड महिन्यानं बातमी आली की खापा गावच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. ताईला तेव्हा तिसरा महिना होता. तिनं आईला सांगितलं तेव्हा आईनं दार लावून असा टाहो फोडला की रस्त्यापलीकडे आमच्या घरात ऐकू आला. वस्तीत काही लपतं का? दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. ताई तरीही दुपारी सूप घेऊन अंगणात यायची. मान खाली घालून बिड्या वळायची.

वाचनालयात त्याच्या जागी एक म्हातारे गुरुजी बसू लागले. त्यांनी मला एक फाटकी कादंबरी दिली. म्हणाले, "त्याच्या टेबलाच्या खणात पडून होती ही. ने, वाच." मी ती दुपारी वाचायला घेतली. तिसऱ्या प्रकरणात नायक नायिकेला पत्र लिहितो. मी आपली वाचतेय, 'तू नसलीस की चांदणंही अंगाला...'

माझी जीभच अडली. समोर ताईचे हात थांबले होते.

"थांबली काहून? वाच न," आत्या म्हणाली.

मी वाचलं. पोळतं, ऊन, दूध, सगळं. पुढं पान उलटलं तर त्याच्या आणखी चिठ्ठ्यांतला मजकूर तिथं छापलेला, शब्दाला शब्द. मेल्यानं आपलं म्हणून एक वाक्य लिहिलं नव्हतं! बायांना चिठ्ठ्यांचं काही माहीत नव्हतं, त्यांना तर ते उन्हाचं वाक्य इतकं विनोदी वाटलं की त्या एकमेकींना म्हणून दाखवू लागल्या. मला मात्र उठून जाता येईना. चिखल आला, पाय घसरला, आणि शेवटच्या पानावर ती पोरगी विहिरीत गेली. ताईनं सूप उचललं आणि घरी गेली.

संध्याकाळी मी दारात उभी होते तर ताई बादली आणि दोर घेऊन विहिरीकडं निघालेली दिसली. एकटीच. मी अनवाणी धावत सुटले. ती काठावर वाकली होती. मी मागून तिच्या कमरेला मिठीच मारली.

"अवं सोड! बह्याड झाली का? पानी सांडलं न सारं!"

"ताई, त्या कादंबरीतल्यासारखं तू..."

तिनं बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "दुपारी आलं होतं मनात. खोटं कायले बोलू?" आणि तिचा आवाज एकदम चढला. "दुसऱ्याच्या विहिरीवर पानी भराले गेला तं माह्या आजाले मारलं होतं लोकायनं. डोकं फुटलं होतं त्याचं. म्हनून आपल्या मानसायनं ही विहीर खनली, आजाच्या हातची विहीर हाय ही. त्या लबाडासाठी मी यात मरू? अन् उद्या वस्तीनं पानी कुठचं प्यावं?"

मग ती रडली. रागानं रडली, नाक पुसत, दोर गुंडाळत. मीही रडत म्हटलं, "ताई, त्या चिठ्ठ्या मीच वाचल्या."

"तू वाचल्या. लिहिल्या त्यानं," ती म्हणाली. "चाल, बादली धर."

रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर वस्तीची बैठक बसली. निरोप गेला तसा तो कळमेश्वरहून आपल्या काकाला घेऊन आला. तोच पांढरा शर्ट, तेच पेन. मान ताठ ठेवून म्हणाला, "पंचहो, मी कोणाला एकही चिठ्ठी लिहिली नाही. पोरीचा पाय घसरला, त्याला मी काय करू?" बघा, तोंडाची भाषासुद्धा कादंबरीचीच.

ताईनं ओच्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "वाच. जशी मले वाचली तशीच वाच."

मी उभी राहिले. 'तू नसलीस की चांदणंही अंगाला पोळतं,' मी वाचलं आणि श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात मागून, बाया बसल्या होत्या तिकडून, आवाज आला, "आणि तू दिसलीस की भर दुपारचं ऊनही दुधासारखं वाटतं!" एकीचा नव्हे, चार-पाच जणींचा. माझी मायसुद्धा त्यात होती.

"तुमाले कसं मालूम?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"पुस्तकातलं हाय थे," माय म्हणाली. "आमी आयकलं न अंगनात."

गुरुजी उठले. वाचनालयाची वही त्यांनी आणलीच होती. वहीतलं त्याचं अक्षर आणि चिठ्ठीतलं अक्षर शेजारी ठेवलं आणि पुस्तक कोणाच्या खणात होतं तेही सांगितलं. पोराची मान आता खाली गेली.

आत्या म्हणाली, "मे महिन्यात या नागपुरात उन्हाले दूध म्हनते! तवाच वळखाले पाह्यजे होतं पोरी, हा लबाड हाय म्हनून." हसू फुटलं सगळीकडं. मला मात्र हसू आलं नाही.

पंचांनी हळू आवाजात ठरवलं आणि सांगितलं, याच्याशीच हिचं लग्न लावून द्या, खाप्याचं मोडा. काकानंही नाइलाजानं मान हलवली. ताईची आई पदर डोळ्याला लावून हात जोडायला लागली होती. एवढ्यात ताई उभी राहिली.

"मले नाही कराचं."

"काहून?"

"ज्याले दोन वाक्यं बी सोताची सुचत नाहीत, त्याच्या घरी जाऊन मी करू काय? आज चिठ्ठ्या चोरल्या, उद्या आनखी कोनाले देईल."

"अवं, पाय घसरलेली पोरगी अन् एवढी बोलते?" तोच म्हातारा ओरडला.

तेव्हा आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चिखल कोनं केला थे सांगा पह्यले. मंग पायाचं बोला."

म्हातारा खाली बसला आणि बैठक उठली. दुसऱ्याच दिवशी आत्या आणि माय बस धरून खाप्याला गेल्या आणि त्या मुलीच्या घरी सगळं सांगून आल्या. पुढं त्यांनी काय केलं ते त्यांचं.

यानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. ताईला मुलगी झाली. काही घरांनी तिला बोलावणं सोडलं, काही बायांनी अंगणात बसणं. पुन्हा तिला मागणी आली नाही. पोरीची झोळी आमच्या कडुनिंबालाच बांधलेली असायची, आणि रडली की जिचे हात रिकामे तिनं झोका द्यायचा. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली. विहिरीत मात्र कोणी गेलं नाही.

बैठकीच्या दुसऱ्या आठवड्यात ताई माझ्याकडं आली होती. "आता मले कोनाचं वाचून नाही पाह्यजे. वाचाले शिकव." माझ्या शाळेच्या पुस्तकांखेरीज घरात होतं ते तेवढंच, गुरुजींनी दिलेलं फाटकं. मी नको म्हटलं, ती म्हणाली हेच पाह्यजे. त्यावरच ती जोडाक्षरं शिकली. बोट ठेवत, अडखळत, शिव्या देत, मुलगी मांडीवर आली तरी चालूच. एक दिवस त्या वाक्यापाशी पोचली. 'तिचा पाय घसरला.' मोठ्यानं वाचलं, स्वतःच, कुठंही न अडता. मग माझ्याकडची पेन्सिल मागून घेतली आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"ताई, वाचनालयाचं पुस्तक हाय थे!"

"असू दे. 'ढ' कसा काढतेत वं?"

मी पाटीवर काढून दाखवला. तिनं दोनदा गिरवला. मग पुस्तक मांडीवर घेऊन, जीभ दातात धरून, त्या रेघेच्या वर मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: तिले ढकललं.