केयो रांतालाचा लहान स्पीकर

केयो रांतालाचे कान कागदाच्या कारखान्याने खाल्ले, पण ते कबूल करायला तो तयार नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्याने यंत्रापाशी घालवली, आणि कानात बोळे घालणं त्या काळी भित्रेपणाचं समजत. आता समोरच्याच्या ओठांवरून तो अंदाज बांधायचा. अंदाज नाही लागला की हसून म्हणायचा, "चालेल, चालेल." हे "चालेल" त्याने इतकं घोटून ठेवलं होतं, की अर्धं गाव त्याला मोठा समजूतदार माणूस मानायचं.

असा हा माणूस दर शनिवारी तळ्याकाठच्या नाचघरात बास गिटार वाजवायचा, आणि चांगली वाजवायचा. त्याचं गुपित त्याच्या मागेच उभं असे, कपाटाएवढा जुना स्पीकर. लाकडी मंचावर तो ठेवला की त्याची थरथर फळ्यांतून केयोच्या नडग्यांत चढायची. तार किती जोरात वाजली हे त्याला पाय सांगत, आणि ठेका तो ड्रमवाल्या पेन्टीच्या पायाकडे बघून धरायचा. बायको सायमी तिथेच कॉफी आणि गोड पाव विकायची. घरात त्याला ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं. पण मंचावर येतं, असं तो तिला वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि त्याची बास ऐकून तिला ते खरंही वाटे.

मग बँडची व्हॅन मोडीत निघाली. बँडचा म्होरक्या ताइस्तो अकॉर्डियन वाजवायचा आणि गायचाही. तो सरळ म्हणाला, "केयो, आता सगळ्यांनी माझ्या गाडीतून जायचं. हे तुझं कपाट उचलणार कोण? मला हर्निया, पेन्टीच्या छातीत यंत्र बसवलंय. लहानसा स्पीकर घे बाबा, नाहीतर..."

बास गेली की केयोकडे उरणार होतं काय, तर खिडकी आणि पेपर.

टाम्पेरे शहरातल्या वाद्यांच्या दुकानात इन्का नावाच्या मुलीने दोन लहान स्पीकर पुढ्यात मांडले.

"काका, हा घ्या. दिसतो एवढासा, पण आवाज बघा किती स्वच्छ."

केयो त्या स्पीकरवर चक्क बसला आणि गिटार छेडली.

"अहो, बसताय काय? लांब उभे राहा. बास लांबूनच कळते."

"मला बसूनच कळते."

मग तो दुसऱ्यावर बसला. हा स्वस्तातला, पातळ लाकडाचा. तार छेडली तशी थरथर थेट माकडहाडापासून मानेपर्यंत गेली. कितीतरी दिवसांनी केयोचा चेहरा उजळला.

"तो वाजतो कमी, हलतो जास्त," इन्का म्हणाली. "जरा आवाज वाढवला की भुंकतो."

सोबत आलेल्या सायमीने तेच त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"हाच घ्यायचा," केयो म्हणाला.

"अरे, ती पोरगी काय सांगतेय ते तरी ऐक!"

"बास कोण वाजवतं? ती की मी?"

इथेच त्याने खरं सांगितलं असतं, तर इन्काने पायाखाली ठेवायची थरथरणारी फळी काढून दिली असती. अशा फळ्या मिळतात, त्याच दुकानात होत्या. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्याचा आजही राग येतो.

शनिवारी त्याने नवा स्पीकर मंचावर टाचेला लागून ठेवला. थरथर पहिल्यासारखी नव्हती, पण होती. तेवढ्यात ताइस्तो आला.

"काय रे, पायांना ऐकवतोयस का लेका? सरक." बिअरचा क्रेट पालथा घालून, वर घोंगडी दुमडून त्याने स्पीकर तिच्यावर चढवला. "हं, आता कसा कानाशी आला!"

त्याने मायेनेच केलं. नको म्हणायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं.

"चालेल," केयो म्हणाला.

टँगो सुरू झाला आणि केयोचे पाय मेले. त्याने आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. पेन्टीचं तोंड वासलेलं दिसलं, केयोला वाटलं तोही गातोय. ताइस्तो कपाळाला आठ्या घालून वळला, केयोला वाटलं डोळ्यांवर मावळतीचं ऊन आलं. त्याने बटण शेवटापर्यंत फिरवलं.

आमच्याकडे नाचायला विचारलं की दोन गाण्यांसाठी. पहिलं संपलं की जागीच उभं राहायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि दुसऱ्याची वाट बघायची. जोडीदार पायावर पाय देत असली तरी सोसायचं. एका गाण्यावर बाईला परत नेऊन बसवणं म्हणजे चारचौघांत तिचा अपमान. असं कोणी करत नाही.

पहिला टँगो संपला. केयोने मान वर केली. पुरुष बायकांना परत बाकांकडे नेत होते. एक जोडी गेली, दुसरी गेली, मग सगळ्याच. एक म्हातारी कानावर हात दाबून चालली होती. भुई रिकामी झाली, आणि केयोला जे कानांनी कळलं नव्हतं ते डोळ्यांनी कळलं. शरमेने त्याने गिटारची वायर उपसली.

ताइस्तो जवळ आला, अकॉर्डियनचा पट्टा सारखा करत, मान खाली घालून बराच वेळ काही बोलला. ओठ दिसेनात. केयो हसला. "चालेल." ताइस्तोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा मान खाली घालून काहीतरी बोलला. "चालेल, चालेल." ताइस्तोने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि परत गेला. त्याच्या अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला खर्जाची बटणं होतीच. जोड्या पुन्हा उठल्या. केयो नुसती गिटार गळ्यात घालून शेवटपर्यंत उभा राहिला.

घरी जाताना सायमीने गाडी रस्त्याकडेला थांबवली आणि त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"ताइस्तो काय म्हणाला, कळलं का तुला?"

"आवाज कमी कर म्हणाला असेल."

तिला रडू फुटलं. "मी कॉफी घेऊन मंचापाशीच उभी होते रे. तो म्हणाला, 'बँडमधल्या बाकीच्यांना तू नको आहेस, बास मी डाव्या हाताने भागवावी म्हणतात. पण तू नाही म्हण, मी त्यांच्याशी भांडतो.' मला वाटलं तुला ऐकू आलं. मंचावर तुला ऐकू येतं ना!"

केयो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"मग मी काय म्हणालो?"

"दोनदा विचारलं त्याने," सायमी म्हणाली. "दोन्ही वेळा तू हसून चालेल म्हणालास."