पदरावरचा बिल्ला

अण्णा आपल्या खाकी शर्टावरचे बिल्ले स्वतःच्या हातांनी शिवत. आईचा हात शिवणात इतका चांगला की आळीतल्या बायका पोलकी बेतून घ्यायला तिच्याकडे येत, पण या कामात तिने सुईला दोरा ओवून द्यावा एवढीच तिला मुभा होती. रविवारी सकाळी अण्णा ओटीवर मांडी घालून बसायचे. जवळ सहा इंची पट्टी, टोक काढलेली पेन्सिल आणि स्काउटांच्या नियमांचं पातळ पुस्तक. मुख्य बिल्ला डाव्या खिशाच्या बरोबर मध्यावर, पथकाच्या नावाची पट्टी खांद्याच्या शिवणीखाली. पट्टी सुताभराने कलली तरी सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. आई आतून विचारायची, "झाला का तुमचा शालू विणून?" अण्णा टाका घालत राहत. तोंडात टाचणी असायची.

अण्णा मुलांच्या शाळेत मास्तर होते आणि वसईतले सगळ्यांत जुने स्काउटमास्तर. नियमांच्या बाबतीत त्यांना आपपर असं काही नव्हतं. एकदा भर बाजारात त्यांनी माणिकपूरच्या स्काउटमास्तरांना थांबवलं आणि त्यांच्या खांद्यावरची पट्टी बोटांनी मोजली. ते गृहस्थ गणवेशातच चर्चमधला मिसा आटोपून येत होते, हातात भाजीची पिशवी होती. बिचारे पिशवी खाली ठेवून मुकाट्याने मोजू देत उभे राहिले. मी शेजारी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज ते आठवलं की हसू येतं, आणि अण्णांची आठवणही येते.

स्वातंत्र्यानंतर स्काउटांच्या वेगवेगळ्या संस्था एक झाल्या आणि बिल्ले बदलले. त्याच सुमाराला मी शिक्षिकेचं ट्रेनिंग संपवून गावातल्या मुलींच्या शाळेत लागले आणि उत्साहाच्या भरात गाइडचं पथक काढलं. बारा मुली जमल्या. त्यात पाचूबंदरची एक कोळ्याची मुलगी होती, सातवीतली. गाठी बांधण्यात तिच्या पासंगाला कोणी पुरत नसे. मी पुस्तकात बघून गाठ शिकवायला जायची आणि ती म्हणायची, "बाई, आमी ही अशी मारतो," आणि तिची गाठ माझ्या गाठीपेक्षा पक्की निघायची. खरं सांगायचं तर पथकाची बाई मी होते ती नावाला.

दिवाळीनंतर मुंबईत तीन दिवसांचा मेळावा होता. मुलींनी दुसरा विषय सोडला होता. पालकांची समजूत काढायला मी घरोघर फिरले. पाचूबंदरला त्या मुलीची आई वाळवणावरून कावळे हाकत होती. माझं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बाय, तुज्या भरवशावर धाडतंय. खाडीपल्याड कदी गेली नाय ती. पुढल्या वर्साला लगीन करू तिचं, मंग कोन नेनार तिला मुंबय बगायला?" मी छातीवर हात ठेवून म्हटलं, मी नेणार.

नेण्याआधी एक तपासणी व्हायची होती. मुंबईहून अधिकारी येणार, पथक पाहणार, आणि पथकाची बाई पूर्ण गणवेशात असेल तरच नाव मेळाव्यात घालणार. माझा गणवेश म्हणजे निळी पाचवारी साडी आणि पांढरं पोलकं. पुस्तकात लिहिलं होतं, बिल्ला छातीवर डाव्या बाजूला, स्पष्ट दिसेल असा. मी तो पोलक्यावर डावीकडे छान शिवला, वरून साडी नेसले, आणि बिल्ला पदराखाली गडप झाला. आपल्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावरून जातो, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या माणिकपूरच्या बाई फ्रॉक घालत. त्यांचा बिल्ला कसा जागच्या जागी बसे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

मग आमच्या माजघरात रोज दुपारी प्रयोग सुरू झाले. आई म्हणाली, "पदर गुजराथणीसारखा उजवीकडून पुढे घे." घेतला, तर तो पुढे येऊन पुन्हा डावीकडेच पसरला. मग अख्खी साडी उलट्या अंगाने नेसून पाहिली. बिल्ला मोकळा झाला, पण सलामीला उजवा हात उचलला की पदर घसरून कोपरावर. आई हसून हसून पाटावर बसली. मी म्हटलं, बिल्लाच उजवीकडे लावते. ओटीवरून अण्णांचा आवाज आला, "त्यापेक्षा लावूच नकोस."

पदर आणि पोलकं मिळून पिन लावली तर कवायतीत ती उपसून यायची. शेवटी मी पदराच्या घड्या एकदाच घालून आतून टाके मारले आणि डाव्या खांद्याखाली, जिथे पदर छातीवर येतो तिथे, पदरावरच बिल्ला शिवून टाकला. आईने मला अंगणात चालवलं, वाकवलं, धाववलं. बिल्ला जागचा हलला नाही. आई म्हणाली, "झकास." अण्णा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पदर म्हणजे गणवेश नव्हे. तो सुटा असतो."

"मग तुमच्या पुस्तकात बाई बसतच नाही, असं म्हणा," मी म्हटलं. असं उत्तर मी त्यांना त्याआधी कधी दिलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मुलींच्या आयाही बघायला आल्या होत्या. अधिकारी टांग्यातून उतरले. घामाघूम झालेला, स्वभावाने बरा माणूस. मुलींची कवायत त्यांना आवडली. त्या कोळ्याच्या मुलीने डोळे मिटून पाच गाठी बांधून दाखवल्या तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते माझ्यासमोर आले. बिल्ल्याकडे पाहून थोडे घोटाळले. जुने स्काउटमास्तर म्हणून बोलावलेले अण्णा जवळच उभे होते, शर्टावर प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे. अधिकारी त्यांना म्हणाले, "मास्तर, नियम तुम्हाला तोंडपाठ. हे असं चालेल ना?"

त्या "ना" मध्ये सगळं होतं. अण्णांनी फक्त मान हलवायची होती.

"नाही, साहेब," अण्णा म्हणाले. "बिल्ला पदरावर चालत नाही."

अधिकाऱ्यांचाही नाइलाज झाला. बारा मुलींसमोर, बारा आयांसमोर विचारून बसलेले होते ते. आमचं नाव मेळाव्यात गेलं नाही. मुली रडल्या. ती पाचूबंदरची मात्र रडली नाही, हातातली दोरी गुंडाळून तिने माझ्याकडे परत दिली. मला त्या क्षणी अण्णांचा राग आला असं म्हणणं फार सौम्य होईल. मला ते नकोसे झाले.

पंधरा-वीस दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आई दोघांच्या मधे बसून वाढायची आणि "अण्णा विचारताहेत, भात हवा का" असा निरोप्याचा धंदा करायची. अण्णांनी माझी समजूत काढली नाही. त्यांनी एक वेगळंच काम काढलं. रोज शाळेतून आले की ते ओटीवर बसून स्काउटांच्या मोठ्या कचेरीला पत्र लिहायचे. साडीतल्या बाईने बिल्ला कुठे लावावा, याचा खुलासा करावा. सोबत आकृत्या. आकृतीतली बाई हुबेहूब बाटलीसारखी दिसायची, पण पदर कुठून कुठे जातो ते बिनचूक असायचं, कारण त्यासाठी त्यांनी आईला उभं करून पट्टीने माप घेतलं होतं. उत्तर आलं नाही की दुसरं पत्र. मी ते पाहायची आणि मुद्दाम तिकडून उठून जायची.

उत्तर यायला पुढच्या वर्षाची दिवाळी जवळ आली. छापील परिपत्रक होतं. साडी नेसणाऱ्या बाईंनी बिल्ला डाव्या बाजूला, पदरावर लावावा. म्हणजे मी शिवला होता नेमका तिथे. अण्णांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "चल, पाचूबंदरला जाऊन येऊ. यंदाचा मेळावा पुढच्या महिन्यात आहे."

"तिचं लग्न झालं, अण्णा," मी म्हटलं.

ते त्यांना माहीत नव्हतं. तरी ते निघाले, पूर्ण गणवेशात. सासरच्यांना विचारून पाहू, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं वाटभर म्हणत होते. तिची आई दारातच भेटली. मुलगी अर्नाळ्याला दिली होती, तिला दिवस गेले होते. अण्णांनी परिपत्रक उघडून दाखवलं. त्या बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते वाचून दाखवलं. तिने सगळं नीट ऐकलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तवा तुमी चालंल म्हनलं अस्तं तं पोर मुंबय बगून आली अस्ती."

तिने ते रागाने म्हटलं नाही. आत जाऊन तिने आम्हाला पाणी आणून दिलं, आणि आम्ही ते प्यालो.

परतताना किल्ल्याच्या भिंतीच्या कडेने आम्ही चालत होतो. अण्णांनी परिपत्रकाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "त्या दिवशी मला 'हो' म्हणता आलं असतं."

"आलं असतं," मी म्हटलं.

त्यांना बरं वाटावं म्हणून दुसरं काही बोलावं, असं मनात फार आलं. माझा राग तर पाचूबंदरलाच संपला होता. पण ते खोटं झालं असतं, आणि मी खोटं बोललेलं अण्णांना चाललं नसतं.