आठ बिटांत काय राहतं

रेकॉर्डिंगच्या धंद्यात किस्से आपोआप साठतात. पुसायचे ठरवले तरी पुसले जात नाहीत. पुसलं जातं ते भलतंच! डहाणूच्या एका छोट्या स्टुडिओत मी २०१५ पासून तीन वर्षं होतो. एक खोली, भिंतींना गाद्या आणि मालक जयंतकाका.

*

पहिल्याच दिवशी काकांनी टेबलावर पट्टी आपटली. "आवाज लहान की मोठा, हे कॉम्प्युटर अशा पट्टीवर मोजतो. आठ बिट म्हणजे नुसत्या इंचांच्या खुणा. चोवीस बिट म्हणजे केसाएवढ्या बारीक. ओरडणारा इंचातही सापडतो रे. हळू बोलणारा दोन खुणांच्या मध्ये हरवतो!"

मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नव्हतं.

*

अच्छाडचा एक ढाबेवाला जाहिरात करायला आला. "बाजूवाल्याची सोळा बिट छे, मला चोवीस द्या. पार गुजरातपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

"शेठ, त्याला भोंगा लागतो, बिट नाही."

"मग भोंगापण चोवीसचा द्या!"

*

कैनाडच्या बुवांचं भजन मी डिस्कवरची जागा वाचवायला आठ बिटांत काढून दिलं. झांजा झकास आल्या. शेवटी बुवांचा आवाज विरत जातो, तिथे मात्र नुसती खरखर. बुवा म्हणाले, "देवाचं नाव घेतो तिथंच कोण पापड तळतंय?"

आम्ही पोट धरून हसलो. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

*

आगरच्या हिराबाई मासे विकायच्या. घशात गाठ निघाली होती, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढणार होते. त्याआधी त्या मासे विकायची हाळी रेकॉर्ड करून ठेवायला आल्या. पुढे लेक सुनीता हातगाडीवर भोंगा लावून विकणार होती.

"आवाज जाईल, बोटं ऱ्हातील. बोटांवर भाव करीन!" असं म्हणून त्यांनी "बोंबील घ्याऽऽ!" केलं, तशी खोली हादरली.

"काका, आवाज फाटतोय!"

"माइकचा गेन उतरव, आवाज कमी घेईल. चोवीस बिट आहेत, हळू बोललेलंही राहील."

मधेच हिराबाई माइकपासून लांब गेल्या आणि लेकीच्या कानाशी काहीतरी बोलल्या. रेकॉर्डिंग चालूच होतं.

*

पुढे डिस्क भरली. काका लग्नाला तळासरीला गेले होते. मी जाहिराती आणि हाळ्यांच्या सगळ्या फाइल आठ बिटांत बदलल्या आणि मूळच्या पुसल्या. काका आल्यावर ऐटीत सांगितलं, "भोंग्यावरच वाजणार ना!"

काकांनी टेबलावरची पट्टी उचलून माझ्या हातात दिली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

ऑपरेशननंतर दोघी आल्या. हिराबाईंच्या गळ्याला रुमाल बांधलेला होता. सुनीता म्हणाली, "दादा, हाळी हाय आमच्याकडं. मधे आय मला बोललेली, 'रडू नको बाय, मी हाय ना.' तेवढं काढून द्या."

मी फाइल लावली. "बोंबील घ्याऽऽ!" अगदी लख्ख आलं. पुढची जागा आली. आवाज पूर्ण वाढवला तरी नुसती खरखर. शरमेनं माझी मान वर होईना.

"माझ्या हातून गेलं," मी म्हणालो.

हिराबाईंनी बोटानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं. हाळी झाली, खरखर सुरू झाली, तशी त्यांनी सुनीताची हनुवटी धरून तिचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि ओठ हलवले. खरखर संपेपर्यंत हलवले.

"दादा," सुनीता म्हणाली, "परत लावा."